जाणत्यांचे ऋण

'कळते, पण वळत नाही' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. घरातील वडीलधारी माणसे ती बहुधा हसत हसत उच्चारतात आणि विषय तेथेच सोडून देतात. परंतु या चार शब्दांत नीतिशास्त्रातील एक फार जुना वाद सामावलेला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याचे म्हणणे असे की, माणूस जाणूनबुजून वाईट करीत नाही. चांगले काय हे त्याला खरोखर उमगले, तर तो तसा वागतोच. संत पौलाचा अनुभव नेमका याच्या उलट होता. जे चांगले म्हणून पटते ते हातून घडत नाही आणि जे नको असते तेच घडून जाते, ही अंतःकरणातील ओढाताण त्याने रोमकरांस पाठविलेल्या पत्रात मोकळेपणाने मांडली आहे. आपली म्हण पौलाच्या बाजूची आहे हे उघड आहे.

एकट्या माणसाचे असे झाले, तर त्यावर आत्मपरीक्षण आहे, पश्चात्ताप आहे, पापनिवेदन आहे. पण एका संपूर्ण समाजालाच कळत असेल आणि वळत नसेल, तर काय? विद्यापीठातील संशोधकाला माहीत आहे, शासनाच्या अहवालात नमूद आहे, शाळेच्या पुस्तकात छापलेले आहे, चावडीवरच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे. आणि तरीसुद्धा विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जाते आहे. अशा वेळी दोष कोणाच्या पदरात घालावयाचा? 'शाश्वत विकास' हा शब्द १९८७ च्या जागतिक आयोगाच्या अहवालापासून आपल्या कानी पडू लागला. आजची गरज भागवताना उद्याच्या पिढीच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्या दिशेने जगभर पुष्कळ संशोधन झाले. मात्र संशोधन, शिक्षण, शासन आणि समाज यांचे एकमेकांशी नैतिक नाते काय, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षितच राहिला. तो हवेत तरंगत राहू नये म्हणून आपण वऱ्हाडात, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या मातीत उतरून त्याकडे पाहू.

सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. वऱ्हाडात त्याला 'खारपाण पट्टा' म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतील सुमारे नऊशे गावे त्यात येतात. वरून पाहावे तर काळीभोर, कसदार वाटणारी जमीन. कपाशी, तूर, हरभऱ्याची शेते. पण विहीर खणावी तर खारे पाणी लागते. ते पिण्याच्या उपयोगाचे नाही आणि पिकाला द्यावे तर जमीनच बिघडते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यातील गावांतून वर्षानुवर्षे ऐकू येत आल्या आहेत. अकोट भागातील ८४ खेड्यांसाठी वान धरणावरून नळयोजना करावी लागली, ती याच कारणाने. पायाखाली पाणी असून घागर रिकामी, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

याच प्रदेशाच्या उंबरठ्यावर, अकोल्याला, २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते सहजासहजी मिळालेले नाही. १९६७ साली विद्यापीठाच्या मागणीसाठी आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. वाचकहो, या घटनेकडे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. धरणासाठी, भावासाठी, जमिनीसाठी माणसे रस्त्यावर उतरलेली आपण पाहिली आहेत. पण शेतीचे ज्ञान आपल्या दारी यावे म्हणून एखाद्या गावाने रक्त सांडावे, ही गोष्ट सामान्य नाही. म्हणून त्या विद्यापीठात जे ज्ञान निर्माण होते त्यावर पहिल्या दिवसापासून एक ऋण आहे. ते ऋण आहे वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे.

विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले गेले त्या डॉ. पंजाबराव देशमुखांना हे ऋण नीट उमगले होते. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ साली त्यांचा जन्म झाला. परदेशात राहून त्यांनी वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट मिळविली. एवढ्या विद्येवर एखादा विद्वान आयुष्यभर मानाने जगला असता. पंजाबराव परत आले, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, खेड्यातील मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. विद्या, शाळा आणि राज्यकारभार ही तीन कामे त्यांच्या ठायी वेगळी नव्हतीच. आज आपण ज्याला मोठ्या शब्दांत 'संशोधन, शिक्षण आणि धोरण यांचा समन्वय' म्हणतो, तो या एका आयुष्यात सहजपणे नांदत होता.

आता या ज्ञानाने खारपाण पट्ट्यात काय केले ते पाहू. संशोधकांनी मातीचा स्वभाव शोधला. या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असल्याने पाऊस पडला की तिचे कण फुगतात आणि मातीची छिद्रे बुजतात. पाणी खाली जिरत नाही; पिकाच्या मुळांशी साचून राहते. पुढे पावसाने ताण दिला की तीच माती दगडासारखी कडक होते. उपाय सुचले ते असे: जिप्समचा वापर करावा, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो, धैंचा, बोरू यांसारखी हिरवळीची पिके जमिनीत गाडावीत, साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी, आणि शेताच्या सखल भागी शेततळे खोदून पावसाचे गोड पाणी साठवावे. यातील शेवटचा उपाय मनाला विशेष भिडणारा आहे. जी माती पाणी जिरू देत नाही म्हणून पिकाला मारक ठरते, तीच माती तळ्याच्या तळाशी पाणी धरून ठेवते. प्लॅस्टिकचे अस्तर घालण्याची बहुधा गरज पडत नाही. तळे फार खोल मात्र नेता येत नाही, कारण खालचे खारे पाणी वर डोकावण्याचा धोका असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने दडी मारली की या तळ्यातले एकदोन ओलित कपाशीला तारून नेते.

इथवर सारे उजळ आहे. पण नैतिक प्रश्न येथून पुढे सुरू होतो. तीस मीटर लांब आणि तितकेच रुंद तळे खोदावयाचे, तर सुमारे नऊ गुंठे जमीन त्याखाली जाते. वीस एकरांच्या मालकाला ती जाणवत नाही. दोन एकरवाल्याच्या जमिनीचा मात्र दहावा हिस्सा त्यात बुडतो, आणि त्या दहाव्या हिश्शावर त्याच्या घरचे वर्षाचे कापड किंवा मुलीची फी अवलंबून असते. तेव्हा 'उपाय सांगितला होता, शेतकऱ्याने केला नाही' असे म्हणून संशोधकाला हात झटकता येत नाहीत. ज्ञानाची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न ज्ञानाच्या बाहेरचा नाही. तो त्याच्या पोटातलाच आहे. येथे शासनाने मध्ये यावयाचे असते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याची गावे त्यात आवर्जून घेतली गेली.

तथापि शासनाच्या हाताला एक सवय असते: एकच सदरा सर्वांना घालण्याची. जे तळे पूर्णाकाठी वरदान ठरते तेच दुसऱ्या मुलखात निराळे रूप घेते. राज्याच्या इतर भागांत अनेक ठिकाणी शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर घातले गेले आणि विहिरींचे, बोअरचे पाणी उपसून ती भरली गेली. म्हणजे जे पाणी भूमीच्या पोटात सर्वांच्या वाट्याचे होते, ते एकाच्या अंगणात उघड्यावर आले आणि उन्हाने उडूनही जाऊ लागले. नाव तेच, अनुदान तेच. पण एका ठिकाणी पावसाची साठवण आणि दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याच्या हिश्शाची उचल. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट जागा बदलताच अन्यायाची कशी होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको. संशोधन स्थळाचे असते, धोरणाला सरसकटपणाची ओढ असते. या दोहोंमध्ये सतत बोलणे चालू राहिले नाही, तर ज्ञानाचेच अज्ञान होते.

आता पूर्णेच्या खोऱ्यातून ईशान्येकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड-मोर्शीला जाऊ. अमरावती जिल्ह्याचाच हा भाग; पण येथे पाणी गोड आहे आणि त्यावर संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. लोक कौतुकाने त्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. येथील दुःख खारेपणाचे नसून अतिउपशाचे आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमाने मोजते. वरूड आणि मोर्शी हे तालुके अतिशोषितांच्या यादीत कधीचेच जाऊन बसले आहेत. कायदाही आहे. १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ साली संमत होऊन २०१४ पासून लागू झालेल्या दुसऱ्या अधिनियमाने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. आणि प्रत्यक्षात? बोअर त्याच्या कितीतरी खाली गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात या भागातील संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या.

या बागाइतदाराला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण ते न्याय्य नाही. संत्र्याचे झाड लावल्यापासून फळावर येईस्तोवर पाच-सहा वर्षे जातात. कपाशी गेली तर पुढल्या वर्षी दुसरे पीक घेता येते. बाग वाळली तर अर्धे आयुष्य वाळते. दुहेरी आळ्याने पाणी द्यावे, ठिबक बसवावे, बुंध्याशी आच्छादन करावे, हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याची अडचण निराळी आहे. 'मी बोअर खोल नेला नाही, तर शेजारी नेईल. माझ्या झाडाखालचे पाणी त्याच्या झाडाला जाईल, आणि माझ्या सद्गुणाचे फळ माझ्या मुलाबाळांनी उपाशी राहून भोगावे काय?' या प्रश्नाला प्रवचनाने उत्तर मिळत नाही.

सॉक्रेटिस आणि पौल दोघांच्याही विवेचनात न आलेली एक बाजू येथे उघडी पडते. काही गोष्टी अशा असतात की त्या एकट्याला कळून उपयोग नाही आणि एकट्याला वळूनही उपयोग नाही. सामाईक ठेव्याविषयीचे ज्ञान एकट्याने आचरता येत नाही. ते आचरावयाचे तर एकमेकांना वचन द्यावे लागते, आणि वचनावर विश्वास बसावा लागतो. कायदा म्हणजे अशा वचनाचा लेखी मसुदा, आणि शिक्षण म्हणजे ते वचन समजून घेण्याची व पाळण्याची तयारी. म्हणून संशोधन, शिक्षण आणि धोरण ही तीन खात्यांची तीन कामे नव्हेत. जमिनीविषयीचे ज्ञान या तिन्हींतून जाऊन गावाचे वचन बनते तेव्हाच ते पुरे होते. तोपर्यंत ते आपल्याला वाचवीत नाही, उलट आपल्या दोषात भर घालते. कारण अज्ञानाची सबब आता आपल्याजवळ उरलेली नसते.

'पण गावाला अशी सामूहिक विवेकबुद्धी असते काय?' असे कोणी विचारील. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला सुमारे १९० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ते वन बरेचसे उजाड झालेले होते. गावकऱ्यांनी आपसांत नियम ठरविले, चराई आणि तोड यांना आळा घातला, राखणीच्या पाळ्या लावल्या, माती-पाणी अडविले, झाडे लावली. वन सावरले, त्यातली सीताफळे दूरच्या बाजारात जाऊ लागली आणि २०१४ साली गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. येथे काही चमत्कार झाला नाही. कायद्याने अधिकार दिला, जाणत्या कार्यकर्त्यांनी साथ दिली आणि ज्यांना शिकवावे असे आपण समजत होतो त्या लोकांजवळच वनाचे पुष्कळ ज्ञान होते. मुख्य म्हणजे राखण करणारा आणि फळ खाणारा एकच होता. वरूडच्या बागाइतदाराला जो विश्वास मिळाला नाही, तो पायविहिरीच्या कोरकूला मिळाला, फरक एवढाच.

असा विश्वास अन्यत्रही रुजू शकेल काय? अटल भूजल योजनेत २०२० पासून वरूड-मोर्शीसारख्या तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी आपापल्या पाण्याचा ताळेबंद मांडावा अशी कल्पना पुढे आली: पाऊस किती पडला, मुरला किती, उपसला किती. जलजीवन मोहिमेत गावातील महिलांना पाणी तपासण्याचे साहित्य देऊन ते वापरण्यास शिकविण्यात आले. या गोष्टी कागदावर लहान दिसतात. पण त्यांत एक मोठा पालट दडलेला आहे. मोजमाप आजवर सरकारी साहेबाच्या वहीत होते, ते गृहिणीच्या हाती येते आहे. आपल्या विहिरीचा खारेपणा जिने स्वतः मोजला, तिला त्याविषयी ग्रामसभेत बोलण्यास दुसऱ्याची परवानगी लागत नाही.

शाळेचे काम येथेच आहे. पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना मिळावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे तो विषय अभ्यासक्रमात आला, परीक्षेतही आला. परीक्षेत आला की पुष्कळदा विषय संपतो. ओझोनच्या थरावर दहा ओळी लिहिणाऱ्या दर्यापूरच्या मुलीला आपल्या आजीच्या विहिरीचे पाणी खारे का, हे विचारावेसे वाटले, तर ते खरे शिक्षण. वऱ्हाडाला प्रश्न विचारण्याची परंपरा नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातलेच संत गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत; उत्तर लोकांच्याच तोंडून निघे आणि म्हणून ते लोकांचे होई. ज्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, त्याने आणि इतर साऱ्या विद्यापीठांनी विस्ताराची ही पद्धत अभ्यासावी.

संशोधकाच्या बाजूचे एक कर्तव्य मात्र सांगितलेच पाहिजे. ज्ञान चुकू शकते. शेतीतील सल्ले बदलत आले आहेत आणि चुकलेल्या सल्ल्याचे कर्ज सल्लागाराच्या नव्हे, शेतकऱ्याच्या नावावर चढते. म्हणून उपाय सांगून निघून जाणाऱ्यापेक्षा दोन पावसाळ्यांनंतर बांधावर परत येऊन 'काय झाले?' असे विचारणारा संशोधक अधिक मोठा. शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याने सोपविलेली रक्कम जमिनीत पुरून ठेवणारा चाकर आहे. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. ठेव जशीच्या तशी परत केली. तरी तो दोषी ठरला. कपाटात पुरलेले अहवाल पाहिले की त्या चाकराची आठवण होते.

वऱ्हाडापासून दूर, किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वसईच्या बावखलांनी पिढ्यान् पिढ्या विहिरी गोड राखल्या, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. बावखले बुजत गेली, विहिरींचे पाणी टँकरने विकले गेले. कळत असून वळले नाही. ज्यांना वळले त्यांनी हरित वसईचा लढा उभारला आणि त्यात आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीचे आक्रंदन आणि गरिबांचे आक्रंदन एकत्रच ऐकावयास सांगितले. पूर्णाकाठची रिकामी घागर आणि वाळलेली संत्र्याची बाग या दोन्हींतून तेच ऐकू येते.

मिस्साच्या प्रारंभी आपण जेव्हा आपल्या दोषांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या कृत्यांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार करतो. त्या न केलेल्या कर्तव्यांत आपले जाणूनही गप्प बसणे मोडते, हे आपल्या मनात कितीदा येते? प्रत्येकाला संशोधक होता येणार नाही, कायदाही करता येणार नाही. पण आपल्या विहिरीची पातळी भिंतीवर लिहून ठेवता येईल, पंचायतीच्या सभेस जाऊन पाण्याचा ताळेबंद मागता येईल, अंगणात पडणारा पाऊस जमिनीत मुरवता येईल, आणि शेजाऱ्याला 'तू थांबलास तर मीही थांबेन' असे वचन देता येईल. त्यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे. सुरुवात मात्र तेथूनच करावी लागेल.